जुना फ्लोअर भंगारात देऊ नका

प्रश्न : आम्ही सांगलीत गावभागात राहतो. बाबांची १९७९ ची प्रीमियर पद्मिनी आहे. २०१९ च्या महापुरात ती अंगणातच अडकली आणि चार-पाच दिवस पाण्यात उभी राहिली. पाणी उतरल्यावर इंजिन खोलून साफ केलं, गाडी सुरूही झाली, पण त्यानंतर ती फारशी बाहेर पडली नाही. गेल्या महिन्यात ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं, तर थेट खालची शहाबादी फरशी दिसली. गॅरेजवाले तीन मार्ग सांगतात. वरून नवा पत्रा मारून देतो. किंवा मुंबईहून दुसऱ्या पद्मिनीचा कापलेला फ्लोअर आणतो. नाहीतर ‘हेवी गेज’ म्हणून तयार पॅनल विकणारे आहेत, त्यांच्याकडून तुम्ही मागवा. काहीही ठरलं तरी आधी सगळा सडका पत्रा कापून टाकू, असं त्यांचं म्हणणं. चांगला फ्लोअर कुठे मिळेल आणि तो चांगला आहे हे आम्ही कसं ओळखायचं? आणखी एक. बाबा ७८ वर्षांचे आहेत. त्यांना न सांगता गाडी करून घ्यावी आणि वाढदिवसाला दारात उभी करावी, असं भाऊ म्हणतो. तुम्हाला काय वाटतं?

— एक वाचक, सांगली

ताई, नमस्कार.

आधी गॅरेजात फोन करा आणि कापाकापी थांबवा. बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल.

तुमच्या गाडीचा तो सडलेला फ्लोअर हाच तुमच्याजवळचा एकमेव नकाशा आहे. पाय ठेवायची जागा किती खोल आहे, सीटचे बोल्ट एकमेकांपासून किती अंतरावर आहेत, मधल्या बोगद्याला, म्हणजे फ्लोअरच्या मधोमध लांबवर जाणाऱ्या उंचवट्याला, पत्रा कुठल्या वळणाने चढतो, पाणी जायची भोकं कुठे आहेत, हे सगळं त्या चाळणी झालेल्या पत्र्यावरच लिहिलेलं आहे. पद्मिनी बनायची थांबून पाव शतक होत आलं. तुकडे करून तो पत्रा भंगारवाल्याच्या काट्यावर गेला, की मग पुढचा प्रत्येक जण अंदाजाने काम करणार. नवा फ्लोअर बसून, वेल्डिंग होऊन, चारही दारं नीट लागेपर्यंत जुन्याचा एकही तुकडा घराबाहेर जाऊ देऊ नका.

आता हे काम एवढं नाजूक का, ते सांगतो. जीपला खाली वेगळी चासी असते, फ्लोअर वरून ठेवलेला असतो. तो सडला तर पाय भिजतात, गाडी वाकत नाही. पद्मिनीचं तसं नाही. फियाटने १९५३ साली ११००/१०३ बाजारात आणली, ती वेगळ्या चासीशिवाय. तिचीच पुढची आवृत्ती ११०० डी, आणि आपली पद्मिनी त्या घराण्यातली. हिच्यात फ्लोअर, दाराखालच्या दोन पोकळ पेट्या म्हणजे सिल, मधला बोगदा आणि आडव्या पट्ट्या मिळूनच चासी होते. सिल आणि फ्लोअर एकदम कापले, तर गाडी मध्यावर खचते. डोळ्यांना ते दिसत नाही. काम झाल्यावर दार लावायला गेलात आणि ते दोन सूत खाली आलं, की कळतं. तेव्हा सगळं जोडून झालेलं असतं.

पहिला मार्ग, ‘वरून पत्रा मारून देतो’, हा मनातून काढूनच टाका. आमच्या घरातलं सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी वडिलांच्या फियाटला एका गॅरेजात असंच काम करून घेतलं. वर काळंभोर डांबर, त्यावर नवं मॅट, बघणाऱ्याला वाटावं गाडी आजच कंपनीतून आली. दोन पावसाळे गेले. एक दिवस पुण्याहून साताऱ्याला येताना पाचवडच्या अलीकडे वडिलांची सीट डावीकडे कलली. गाडी बाजूला घेऊन बघतो, तर सीटची मागची पट्टी फ्लोअरमधून आरपार खाली गेली होती. घरी आणून मॅट आणि डांबर खरवडलं. खाली तेलाच्या डब्याचा पत्रा रिव्हेट मारून बसवलेला होता. डब्यावरची छापील अक्षरं अजून वाचता येत होती. त्याच्याखाली ओलं गोणपाट, आणि गोणपाटाखाली जुना गंजका पत्रा, हाताने उचलला तर बिस्किटासारखा तुटणारा. दोन पत्र्यांच्या मधे पाणी गेलं की ते वाळत नाही, आतल्या आत खात राहतं. त्या दिवशी वेग जास्त असता, तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून आजही जात नाही. म्हणून तुम्हाला इतक्या आग्रहाने लिहितोय. सडलेल्या पत्र्यावर चांगला पत्रा कधीच मारायचा नाही. जिथे चकचकीत, टणक लोखंड लागेल तिथपर्यंत मागे जायचं आणि तिथेच जोड द्यायचा.

तुमच्या गाडीत तर पुराचं पाणी होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. गावभागात तेव्हा काय झालं ते मी तुम्हाला सांगायला नको. पण गाडीच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घ्या. पाणी उतरलं तरी गाळ उतरत नाही. तो सिलच्या पेटीत, आडव्या पट्ट्यांच्या पोटात जाऊन बसतो आणि दर पावसाळ्यात ओल धरतो. इंजिन तुम्ही साफ केलंत, पण या पोकळ्या कोणी उघडल्या असतील असं वाटत नाही. तेव्हा तुमचा रोग मॅटखालच्या भोकापुरता नाही असं धरून चाला. छोटी हातोडी घेऊन दाराखालून सबंध सिल ठोकत जा. चांगला पत्रा टणटण बोलतो, सडलेला थपथप. शंका आली तिथे जुना स्क्रूड्रायव्हर टोचा. घुसला, तर तो भाग गेला. आणि चुंबक फिरवा. जिथे चिकटत नाही, तिथे आधीच्या कोणीतरी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून ठेवली आहे.

आता फ्लोअर आणायचा कुठून.

मुंबईचा कापलेला फ्लोअर म्हणजे बहुधा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या मालातला. पुण्यात जुना बाजार आहे, नाना पेठेत स्पेअरची दुकानं आहेत. लहानसहान सामान या ठिकाणी अजून मिळतं: काचेची रबरं, बिजागऱ्या, दाराचे हँडल. फ्लोअरच्या बाबतीत मात्र मी सावध राहीन. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमची गेली. आता जे तुकडे फिरतात ते खाऱ्या हवेत आणि मुंबईच्या पावसात वीस-वीस वर्षं काढलेल्या गाड्यांचे. त्यांचे फ्लोअर तुमच्यापेक्षा बरे असतील कशावरून? घ्यायचाच झाला तर जत, आटपाडी, सोलापूर अशा कोरड्या भागातली गाडी शोधा, आणि रंग मारलेला तुकडा अजिबात घेऊ नका. रंग खरवडून, उलटा करून, उन्हात धरून बघा. सुईच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर परत द्या. गाडी रीतसर मोडीत निघाल्याच्या कागदाची प्रतही मागा.

परदेशातून मागवायचा विचार मनात असेल तर तेही सांगतो. इटलीत जुन्या ११०० ची निगा राखणारे आहेत, तिच्यासाठी पत्र्याचे दुरुस्ती-तुकडेही तिथे बनतात. पण तिथल्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे. त्यामुळे चालकाच्या पायाजवळची मांडणी आपल्या उलट, आणि तुमचा पत्रा सडलाय नेमका तिथेच. वर भाडं आणि कस्टम ड्युटी. मागच्या सीटखालच्या भागासाठी एखादे वेळी उपयोग होईल, पुढच्यासाठी नाही.

तयार पॅनलवाल्यांना विकत घेण्याआधी विचारायच्या गोष्टी अशा. पत्रा किती मिलिमीटरचा? ‘हेवी’ हे उत्तर चालणार नाही, आकडा पाहिजे. गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचं माप, आणि त्याचा आकडा उलटा चालतो, हे लक्षात ठेवा: २० गेज म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर, १८ गेज म्हणजे १.२, आणि २२ गेज म्हणजे जेमतेम ०.७. तुमच्याच गाडीत मागच्या सीटखाली जिथे पत्रा शाबूत असेल तिथला रंग काढून व्हर्नियरने मोजा, आणि तेवढ्याच जाडीचा मागा. जाड पत्रा म्हणजे चांगला पत्रा असं लोकांना वाटतं. पण दीड-पावणेदोन मिलिमीटरचा पत्रा मूळच्या पातळ पत्र्याला जोडायला गेलात, तर नव्याला पुरेशी आच द्यावी लागते आणि तेवढ्यात शेजारचा जुना जळून भोक पडतं. शिवाय तो वळणाला बसत नाही, डेंटर मग हातोडीने बडवून बसवतो.

दुसरं, कडा कशा आहेत? नुसता कापलेला सपाट पत्रा म्हणजे पॅनल नव्हे. सिलला आणि बोगद्याला टेकायला कड वळवलेली पाहिजे. तिसरं, उठावाच्या रेघा आहेत का आणि किती खोल? त्या रेघा शोभेच्या नाहीत. आपल्याकडच्या धान्याच्या पत्र्याच्या कोठीला गोल कडी उठवलेल्या असतात ना, त्या नसत्या तर कोठी दाण्याच्या भाराने फुगली असती. फ्लोअरचंही तेच. रेघा नसल्या की पाय ठेवला की डबडब वाजणार, आणि खड्ड्यात गाडी आपटली की सबंध पत्रा थरथरून वेल्डिंगच्या कडेला चीर जाणार. विकणाऱ्याकडून फोटो मागवा, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला. आणि तो आपल्या जुन्या फ्लोअरशी ताडून बघा. म्हणून म्हणतो, जुना आधी कापू नका.

माझं स्पष्ट मत विचाराल, तर तुमचा फ्लोअर सांगलीतच बनवून घ्या. ज्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स उभी केली, त्या वालचंद हिराचंदांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज तुमच्या विश्रामबागेत आहे. कुपवाड आणि मिरजेच्या एमआयडीसीत पत्र्याचं काम करणारी वर्कशॉप आहेत. कोल्हापूरचं उद्यमनगर तासा-दीड तासावर. फ्लोअरचा तुकडा म्हणजे काही आकाशातून आणायची गोष्ट नव्हे. सपाट भाग, चार वळणं, काही रेघा आणि पायाजवळचा एक खोलगट भाग. पहिल्या तीन गोष्टी यंत्रावर होतात, शेवटची हातावर.

करायचं ते असं. सीट, मॅट, गोणपाट सगळं काढा. गाडी सपाट फरशीवर चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, ठेवा, घोडे चाकांजवळच्या मजबूत जागी लावा, मधे नव्हे. सीटच्या प्रत्येक बोल्टच्या भोकातून, सिलच्या ठरावीक खुणांवरून ओळंबा सोडा आणि खाली फरशीवर खडूने फुली मारा. गवंडी वापरतो तोच ओळंबा. मग त्या फुल्यांमधली तिरपी अंतरं मोजून वहीत लिहा. डावी-उजवीकडची तिरपी अंतरं सारखी आली, तर गाडी अजून सरळ आहे. वेल्डिंगच्या आधी, अर्ध्यावर आणि नंतर हेच आकडे पुन्हा यायला हवेत. ही वही तुमच्याकडे ठेवा, गॅरेजात नको.

फ्लोअरचा साचा घ्यायला पुठ्ठा आणि खाकी कागद पुरतो. ज्या बाजूचा पत्रा जास्त शाबूत असेल, त्या बाजूचा आकार घ्यायचा आणि दुसऱ्या बाजूला उलटा करून बघायचा. कुठे फरक पडतो तो कागदावर लिहायचा. रेघा उठायला कागद पत्र्यावर दाबून वरून खडू किंवा कोळसा घासा, लहानपणी नाणं कागदाखाली ठेवून पेन्सिल घासायचो तसं. हा कागद आणि जुन्या पत्र्याचा एक तुकडा घेऊन वर्कशॉपमध्ये जा.

पत्रा सीआरसीए मागा. हा गार लाटलेला, मऊ, वळणारा पत्रा. आठ बाय चार फुटांची १ मिलिमीटर जाडीची शीट साधारण २३ किलो भरते. काट्यावर ठेवून बघा. २० च्याही खाली आली तर पत्रा सांगितल्यापेक्षा पातळ आहे. दोन्ही बाजूंचा पुढचा-मागचा फ्लोअर धरला तरी एक-दोन शीटच्या वर माल लागत नाही. खर्च पत्र्याचा नसतो, हाताचा असतो. तेव्हा घासाघीस करायची तर पत्र्याच्या भावात करा, कारागिराच्या मजुरीत करू नका. जीआय पत्रा गंजत नाही म्हणून कोणी सुचवेल. त्याच्यावरचं जस्त वेल्डिंगच्या आचेने जळतं, तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो, आणि जोडही स्वच्छ येत नाही. साधा सीआरसीए घेऊन तो नीट रंगवणं बरं. ॲल्युमिनियमचा किंवा स्टीलच्या चेकर्ड प्लेटचा तर विचारच नको.

वळणं बेंडिंग मशीनवर होतील. रेघांसाठी दोन रोलरमधून पत्रा फिरवायचं बीडिंगचं यंत्र लागतं. गाड्यांच्या गॅरेजात ते सहसा नसतं. एसीचे डक्ट किंवा कोठ्या बनवणाऱ्यांकडे मिळतं, तिथे जा. पायाजवळचा खोलगट भाग मात्र जुन्या डेंटरनेच करावा, वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी मोगरीने. असे हात कमी होत चाललेत. तुमच्या भागात कोणी साठीचा डेंटर असेल, तर त्याला घरी जाऊन विचारा. मजुरी दोन पैसे जास्त गेली तरी जाऊ द्या.

बसवताना एका वेळी एकच बाजू कापायची. कापण्याआधी दारांच्या चौकटीत आतून चौकोनी पाइप आडवे-तिरपे टाके मारून लावायचे, म्हणजे बॉडी जागची हलणार नाही. पेट्रोलची टाकी उतरवायची, बॅटरी काढायची, ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या बाजूला घ्यायच्या. टाकी तशीच ठेवून ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्याकडे गाडी ठेवू नका. सीओटू वेल्डिंगने आधी लांब लांब टाके, मग एक इथे, एक तिथे असं भरत जायचं. एकाच जागी सलग ओढलं की पत्रा तापून पापडासारखा वाकतो. आणि सिल उघडलेलीच आहे तर प्रेशरच्या पाण्याने आतला गाळ धुवून काढा, कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवा. म्हणून हे काम एप्रिल-मेमध्ये घ्या, मृगाच्या आधी संपेल असं. पावसाळी हवेत उघड्या पत्र्यावर रात्रीत तांबूस गंज धरतो आणि त्याच्यावरच प्रायमर मारला जातो.

रंगाचं थोडक्यात : दोन्ही बाजूंना इपॉक्सी प्रायमर, जोडावर सीलंट, मग रंग, मग खालून अंडरकोटिंग. सिलच्या पोकळीत मेण. आत गोणपाट परत घालू नका, आणि पाणी जायची भोकं कायमची बुजवू नका, त्यांत काढता येणारी रबरी बुचं बसवा.

आरटीओच्या दृष्टीने दोन गोष्टी. चासी नंबर ज्या पत्र्यावर ठोकलेला आहे त्याला हात लावायचा नाही, आणि सगळ्या टप्प्यांचे फोटो तारखेनिशी ठेवायचे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. मूळ ढाचा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा लागतो. तुमची १९७९ ची, म्हणजे २०२९ नंतर ती त्यात बसू शकेल. तेव्हा सबंध बॉडीच बदलू, असं कोणी म्हणालं तर नको म्हणा.

राहिलं बाबांचं. त्यांना सांगा, ताई. भावाचा हेतू मोठ्या मायेचा आहे, पण या कामात बाबांइतकी माहिती कोणाकडेच नाही. फ्लोअर एकट्या पुराने गेला नसेल. पाणी वरून कुठूनतरी येत असणार, पुढच्या काचेच्या रबरातून, नाहीतर दाराच्या फटीतून, आणि ते बंद केल्याशिवाय नवा फ्लोअरही टिकणार नाही. कुठल्या वर्षी कुठली काच बदलली, कुठल्या पावसात कोणाचे पाय भिजायचे, हे त्यांना तोंडपाठ असेल. गाडी गॅरेजला नेण्याआधी एका सकाळी त्यांना अंगणात खुर्ची टाकून बसवा. भाऊ टॉर्च घेऊन आत, तुम्ही बागेचा पाइप घेऊन बाहेर, आणि बाबा सांगतील तिथे पाणी सोडा, खालून वर जात, एकेका जागी दोन-तीन मिनिटं. आत थेंब दिसला की भावाने तिथे खडूची खूण करायची.